सासुरवास : एका शब्दाचा आणि काही दारांचा इतिहास

वनवास, कारावास, तुरुंगवास, अज्ञातवास या शब्दांच्या पंक्तीत मराठीने आणखी एक शब्द बसविला आहे, तो म्हणजे 'सासुरवास'. 'वास' म्हणजे केवळ राहणे. त्या अर्थाने सासुरवास म्हणजे सासरी राहणे, इतकेच व्हावयास हवे. परंतु 'तिला फार सासुरवास आहे' किंवा 'आमच्या सुनेला सासुरवास म्हणून ठाऊक नाही' अशी वाक्ये उच्चारणाऱ्या मराठी माणसाला राहणे अभिप्रेत नसते, छळ अभिप्रेत असतो. निवासाचाच अर्थ यातना असा होऊन बसावा आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटू नये, हे भाषेच्या इतिहासात लक्षणीय आहे. विवाहित स्त्रीच्या वाट्याला घरात येणारी मारहाण, उपासमार, कोंडणे, टोचून बोलणे, माहेरी जाऊ न देणे या सर्वांसाठी भाषेपाशी एक शब्द होता खरा. मात्र त्या शब्दाने छळाला ऋतूसारखे ठरवून टाकले होते. पाऊस येतो तसा सासुरवास येतो. तो सोसायचा असतो. तो कोणी करीत असतो हे त्या शब्दात कोठेच येत नाही.

क्रियापदांकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक उघड होते. स्त्री सासरी 'नांदते' आणि नवरा तिला 'नांदवतो'. 'तो तिला नांदवत नाही' या प्रयोगात नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढले, ही घटना एका प्रयोजक क्रियापदाच्या नकारात विरघळून जाते. 'टाकलेली', 'सोडलेली', 'बसवलेली' ही विशेषणे स्त्रीला चिकटतात, टाकणाऱ्याला कोणतेही विशेषण मिळत नाही. 'त्याचा हात जरा चालतो' या वाक्यात तर मारणारा माणूसही उरत नाही, नुसता हात उरतो. कौटुंबिक छळ ओळखणे म्हणजे या वाक्यांचा कर्ता शोधून काढणे होय. मराठी लेखनाला त्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

तो शोध मुळात लेखनात सुरू झालाच नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बायका ओवीतून जे बोलत त्यात सासूचा जाच, नणंदेचे कान भरणे, भरताराचा राग आणि बापाने दिले त्या घराचा निरुपाय हे विषय पुनःपुन्हा येतात. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुणे परिसरातील खेड्यांतून सुरू झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. त्या चाळताना जाणवते ती गोष्ट अशी की, ओवीतील स्त्री आपले दुःख सांगते, पण ते बहुधा जात्याला, भावाला किंवा आईला उद्देशून सांगते. नवऱ्याला किंवा सासऱ्याला उद्देशून फारच क्वचित. जाते हे तिचे ऐकणारे ठिकाण होते. जात्याच्या घरघरीत आवाज दबून जातो आणि समोर बसून दळू लागणारी दुसरी बाई ते ऐकते. ती बहुधा त्याच अवस्थेतून गेलेली असते. पाणवठा, नदीचा घाट, भोंडल्याचा फेर ही अशीच ठिकाणे. त्यांना आधार म्हणावे काय, याविषयी मतभेद होऊ शकतील. तेथे दुःख हलके होत असेल, दूर मात्र होत नसे. आणि माहेर? माहेर हा मराठी कवितेतील सर्वांत कोमल शब्द असला, तरी 'माहेरवाशीण' ही पाहुणी असते. चार दिवस राहून परत जावयाचे असते म्हणूनच तिचे कोडकौतुक होते. कायमची परतून आलेली लेक माहेरवाशीण राहत नाही. तिच्यासाठी भाषेत दुसरी, कमी गोड विशेषणे तयार असतात.

एकोणिसाव्या शतकातील सुधारणेच्या चळवळीने स्त्रीसाठी काही दारे उघडली. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेचा उगम १८९६ सालचा. या संस्थांचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु त्या मुख्यतः कोणासाठी होत्या हे पाहिले पाहिजे. त्या प्रामुख्याने विधवांसाठी होत्या. विधवेच्या दुःखात सुधारकाला शिरकाव होता, कारण तिचा धनी हयात नव्हता. सधवेचे दुःख कितीही तीव्र असले तरी तिच्या दाराशी एक जिवंत मालक उभा होता, आणि त्याच्या हक्कापुढे सुधारकही थबकत आणि सरकारही थबकत असे. शारदा सदनाच्या दारापर्यंत आलेल्या एखाद्या सधवेला तिच्या नवऱ्याने परत मागितले असते, तर कायदा कोणाच्या बाजूने उभा राहिला असता, याचे उत्तर त्याच दशकात मिळून गेले होते.

ते उत्तर रखमाबाईंच्या खटल्याने दिले. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेल्या रखमाबाईंनी सासरी जाण्याचे नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीस आले आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा आदेश दिला. न गेल्यास सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. सासुरवासापेक्षा तुरुंगवास बरा, असे एका मराठी स्त्रीने न्यायालयासमोर ठरविल्याचे हे उदाहरण 'वास' या पदाच्या चर्चेत विसरता येण्याजोगे नाही. १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई विलायतेत डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ वैद्यकी केली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रखमाबाईंना मारहाण झालेली नव्हती. त्या सासरी नांदावयास गेल्याच नव्हत्या. त्यांचे म्हणणे एवढेच की, संमतीवाचून झालेला विवाह आपणास बांधून घालू शकत नाही. त्या काळच्या विचारी समाजातील मोठ्या वर्गाला हे म्हणणे मारहाणीच्या तक्रारीहून अधिक धोक्याचे वाटले. टिळकांसारख्या नेत्याने या प्रश्नी दादाजींची बाजू घेतली, यावरून घराच्या उंबरठ्याला किती राजकीय वजन आले होते ते कळते.

ज्यांनी घर फोडले नाही आणि खटलाही लढविला नाही, त्यांचे काय, हा प्रश्न आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात उभा राहतो. भारतातून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांचे पती गोपाळराव यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला शिकविले, हे सर्वज्ञात आहे. तेवढेच सर्वज्ञात नसलेले, परंतु काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून आणि आनंदीबाईंच्या पत्रांतून पुढे आलेले सत्य असे की, हे शिक्षण मारहाणीच्या जोरावर झाले. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी कोणत्या वयात आपणास लाकडाने मारले, कोणत्या वयात खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकली आणि कोणत्या वयात सोडून जाण्याची धमकी दिली, याची वयांसह नोंद केली आहे. हे पत्र त्या काळच्या मराठी स्त्रीच्या लेखनातील असाधारण दस्तऐवज होय. त्यात आक्रोश नाही. कोणी हिशेबाची वही उघडावी तसे ते लिहिले आहे. त्या पत्रात प्रेमही आहे, कृतज्ञताही आहे. आणि ही गुंतागुंतच खरी आहे. ज्याने मारले त्यानेच वाट दाखविली, मग त्या मारण्याला काय म्हणावयाचे? आनंदीबाई हा प्रश्न विचारू शकल्या, कारण त्यांच्या आणि गोपाळरावांच्या मध्ये समुद्र होता. मारणाऱ्यापासून अंतर पडल्यावरच मार ओळखू येतो, ही गोष्ट समुपदेशनाचे शास्त्र जन्मण्यापूर्वी एका वीस वर्षांच्या आसपासच्या मुलीने फिलाडेल्फियात अनुभवली होती. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील काळात त्यांच्यावर चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट झाले. मारहाण त्यांत येते, पण बहुधा ध्येयवेड्या पुरुषाचा विक्षिप्तपणा म्हणून. वाचकांनीही ती तशीच स्वीकारली, हा आपल्या रसिकतेवरील आक्षेप आहे.

ताराबाई शिंदे यांनी मात्र असल्या विक्षिप्तपणाला सूट दिली नाही. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येसाठी झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. निमित्त विधवेचे असले तरी पुस्तकाचा रोख नवरेपणावर आहे. नवरा देव असेल तर त्याचे वर्तन देवासारखे आहे काय, या एका सवालाभोवती बुलढाण्याच्या या बाईने जो तिखट युक्तिवाद रचला, तो वाचताना आजही दचकावयास होते. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकी सर्वत्र शांतता. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुनर्मुद्रित करीपर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला या पुस्तकाची जवळजवळ ओळखच नव्हती.

हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. यमूच्या आत्मकथनातून मध्यमवर्गीय घराच्या माजघरात मराठी वाचक प्रथमच इतक्या आतवर गेला. शीर्षकातच प्रश्न आहे आणि तो नेमका आहे. दुःख आहे की नाही हा वादच नव्हता, ते लक्षात घेणारा कोण हा वाद होता. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींत शिकणाऱ्या सुनेला घरातील बायकांनी केलेला छळ नोंदला आहे, तोही जवळजवळ त्यांची बाजू समजून घेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सासऱ्याचा छळ आणि टिळकांचा संताप विनोदाच्या पदराआडून येतो. हा विनोद थोर आहे यात शंका नाही. तरी त्या हास्याने किती झाकले, हे विचारण्याचे धैर्य समीक्षेने दीर्घकाळ दाखविले नाही.

कायद्याची पावले संथ पडली. मराठी वाचकाने येथे महाराष्ट्राबाहेर, बडोद्याकडे पाहिले पाहिजे. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात १९३१ सालीच हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९४६ च्या कायद्याने हिंदू विवाहितेला क्रूरतेच्या कारणावरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. हिंदू संहितेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर झगडले, आणि ती रखडली तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून न्यायालयीन विभक्तता मिळे, घटस्फोट नव्हे; तो १९७६ च्या दुरुस्तीने मिळाला. आणि ज्या तरतुदीने रखमाबाईंना तुरुंगाच्या दारी नेले, तिचा अवशेष त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते वैध ठरविले.

ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरील 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही चौकट स्त्री-संघटनांनी वाचावयास घेतली. वाचण्याची ही पद्धत नवी होती. तेच वृत्त वर्षानुवर्षे छापून येत होते. स्टोव्ह नेहमी सुनेच्याच हातून का भडकतो हे कोणी विचारले नव्हते. १९८२ साली पुण्यात नारी समता मंच उभा राहिला आणि विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंवरील प्रदर्शन त्याने गावोगावी नेले. स्त्री मुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकर लिखित 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ मध्ये रंगमंचावर आले. त्याच वर्षी भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ समाविष्ट झाले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले. हुंडाबळी हा शब्द रूढ झाला आणि त्याने मोठे काम केले. परंतु त्याने एक मर्यादाही घातली. ४९८-अ मधील क्रूरतेची व्याख्या एक तर आत्महत्येस किंवा गंभीर इजेस प्रवृत्त करणारे वर्तन, नाही तर पैशाच्या मागणीसाठीचा छळ, अशी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांतही आशय तोच आहे. म्हणजे हुंडा न मागता, जीव न घेता, रोज थोडे थोडे मारणारा नवरा या शब्दांच्या पकडीत सहजासहजी येत नव्हता. मेलेली स्त्री प्रथम दिसली. मार खाऊन जिवंत असलेली नंतर.

जिवंत असलेलीसाठी दारे उघडली ती याच काळात, आणि ती गावातच उघडली. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. फिर्याद न लिहिता बाईने बसून बोलावे आणि ऐकणारी प्रशिक्षित व्यक्ती पोलीस नसावी, एवढी साधी कल्पना. पुढे ती महाराष्ट्रभर आणि अन्य राज्यांतही गेली. पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या केंद्राचे नावच 'बोलते व्हा' असे होते. सांगली-सातारा भागात इंदुताई पाटणकर यांच्या पुढाकाराने, तर १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर व समता आंदोलनाने भरविलेल्या परिषदेतून 'परित्यक्तां'ची चळवळ उभी राहिली. परित्यक्ता हा तत्सम शब्द 'टाकलेली'चेच भाषांतर आहे, अशी टीका कोणी करील. मात्र या बायकांच्या मागण्या पाहिल्या तर त्या शब्दाचे रूप पालटते. त्यांनी स्वतःच्या नावाची शिधापत्रिका मागितली. नवऱ्याच्या कार्डावर नाव असलेल्या बाईला घर सोडले की रेशनच्या दुकानातही जागा उरत नाही, ही गोष्ट एकाही कादंबरीकाराला सुचली नव्हती.

साहित्यात या काळाने जे आणले ते सहज पचणारे नव्हते. मल्लिका अमर शेख यांच्या १९८४ सालच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनाने विद्रोही कवीच्या घरातील हिंसेला वाचा फोडली. चळवळीतल्या माणसाचे घर चळवळीपासून वेगळे ठेवण्याचा संकेत तिथे मोडला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून येऊ लागले व १९८६ मध्ये पुस्तक झाले. पळून जाऊ पाहणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात अडकविला जाणारा जड लाकडी खोडा आणि नाक कापण्याची शिक्षा यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचल्यानंतर सासुरवास हा शब्द पूर्वीसारखा उच्चारता येत नाही. आणि तरीही या पुस्तकात बेबीताईंच्या स्वतःच्या संसाराविषयी फारसे काही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, नवऱ्याच्या भीतीने लेखन वर्षानुवर्षे लपवून ठेवावे लागले, आणि मारही खावा लागला. समाजाचे दुःख लिहिताना जे हात थरथरले नाहीत, ते स्वतःचे लिहिताना थांबले. हे मौन समजून घेतल्याशिवाय कौटुंबिक छळाविषयीची कोणतीही आकडेवारी वाचू नये.

आकडे असे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून झालेल्या हिंसेची नोंद केली. त्याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. काही ना काही कारणासाठी नवऱ्याने मारणे योग्य आहे, असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते.

२००५ साली संमत होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने जे केले ते भाषेच्या दृष्टीनेही मोठे आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चार प्रकारांची नावे त्याने घेतली. खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन काढून घेणे, मुलगा झाला नाही म्हणून हिणविणे यांना प्रथमच स्पष्ट नाव मिळाले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सामायिक घरात राहण्याचा हक्क त्याने दिला. आजवर छळ झालेली स्त्री दार शोधीत बाहेर पडत होती. आता तिला घरातच राहू द्यावे आणि प्रसंगी मारणाऱ्यास बाहेर काढावे, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल लिहावा, पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, कायदेविषयक साहाय्य विनामूल्य असावे, असे हे योजन आहे. प्रत्यक्षात संरक्षण अधिकाऱ्याची खुर्ची पुष्कळदा दुसऱ्याच कामाच्या फायलींखाली दबलेली असते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' केंद्रे निघाली. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या वेळी ११२.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालच्या सुमारास 'सेहत' ही संस्था व महानगरपालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र उघडले. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात येतेच, या निरीक्षणावर ते उभे आहे. केसपेपरवर तोवर लिहिले जाई, 'जिन्यावरून पडली'. नवरा शेजारी उभा असे आणि तोच उत्तर देत असे. आता परिचारिकांना शिकविण्यात आले की, त्याला बाहेर थांबवावे, पडदा ओढावा, जखम आणि सांगितलेले कारण जुळते का ते पाहावे, आणि विचारावे. केरळ व मेघालयातील रुग्णालयांनीही पुढे हे प्रारूप उचलले. जात्यापाशी जी बाई समोर बसून ऐकत असे, तिची जागा आता पांढऱ्या गणवेशातील एका परिचारिकेने घेतली आहे. फरक एवढाच की, ही जे ऐकते ते कागदावर लिहून ठेवते, आणि त्या वाक्याला कर्ता असतो.